पॅरी आणि ढालीचे नियम वाचायचे कसे: टेबलटॉप लढाईत नव्याने आलेल्यांसाठी

नव्या खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, ढालीपुढे बहुतेक वेळा ‘+२’ एवढंच लिहिलेलं असतं. पहिल्या दोन-तीन लढायांत तेवढ्यावर निभावतं. मग कधीतरी समोरचा सरदार पॅरी करतो, म्हणजे शस्त्राने वार अडवतो, लागलेला वार हुकतो आणि टेबलावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वार तर लागला होता, मग आता हुकला कसा? मलाही तलवारीने वार अडवता येईल का? ढाल हातात आहे, तर बाणही अडेल का? ढाल तुटते का?

हे नियम मला मनापासून आवडतात. लढाईत खेळाडूला स्वतःच्या पाळीबाहेर काही करायला मिळतं ते इथेच. पण ते वाचायची एक रीत आहे आणि ती नियमपुस्तकात एका जागी सांगितलेली नसते. माझं म्हणणं थोडक्यात असं: ढाल किती भक्कम, हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, की हा नियम वाराच्या कोणत्या क्षणी लागू होतो. तो क्षण बिनचूक सापडला की बाकीचे बरेच वाद उरतच नाहीत. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: कोणता खेळ, कोणती आवृत्ती

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नका. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचं पुस्तक २०१४ साली आलं आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२४ साली. दोन्हींत ढाल आर्मर क्लास (एसी), म्हणजे वार लागायला फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा, २ ने वाढवते. तरी बारकावे बदललेत. २०१४ च्या नियमांत ढालीचं शिक्षण नसलेल्या पात्रालाही +२ मिळतात. मात्र ताकद आणि चपळाईवर चालणाऱ्या रोलना डिसॲडव्हांटेज लागतो (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा) आणि मंत्र टाकता येत नाहीत. २०२४ मध्ये शिक्षण नसेल, तर ढालीचा एसी मिळतच नाही.

‘डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट’ या फीटचंही (पात्रासाठी निवडता येणाऱ्या खास क्षमतेचंही) तसंच. २०१४ मध्ये त्याचा बोनस फक्त त्या एका वारापुरता होता. २०२४ मध्ये तो तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या जवळच्या वारांविरुद्ध टिकतो. टेबलावर चौघांकडे दोन वेगळ्या आवृत्त्या असतील, तर दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात आणि वाद काही संपत नाही. म्हणून पहिल्या सत्राआधीच कोणतं पुस्तक प्रमाण मानायचं ते ठरवा.

पुस्तकं महाग आहेत, म्हणून अडून बसू नका. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. त्यात ढाल, ‘शील्ड’ मंत्र, ‘प्रोटेक्शन’ ही लढण्याची शैली आणि पॅरी करणारे नाइट-ग्लॅडिएटर आहेत. बॅटल मास्टर हा फायटर म्हणजे लढवय्याचा प्रकार आणि डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट मात्र नाहीत. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ‘गर्प्स’ या आणखी एका खेळाची ‘लाइट’ ही छोटी पीडीएफही फुकट मिळते.

पायरी २: तुमच्या खेळात ढाल काम काय करते, ते ओळखा

वेगवेगळ्या खेळांत ढाल तीनपैकी एक काम करते: वार लागणं अवघड करते, वार लागल्यावर स्वतंत्र फासा टाकून तो अडवू देते, किंवा लागलेल्या वाराचं डॅमेज स्वतःवर घेते. काही खेळांत यातली दोन कामं एकत्र येतात आणि नवा माणूस नेमका तिथे अडखळतो.

पहिली रीत सर्वात जुनी. १९७४ च्या पहिल्यावहिल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एसी जितका कमी तितका चांगला असे. काहीच न घातलेल्या माणसाचा ९, नुसती ढाल घेतली तर ८. म्हणजे एका घराचा फरक, वीस बाजूंच्या फाशावर ५ टक्के. ढालीचं मोल इतकं कमी का, असं आजही लोक विचारतात. तिथे ढाल चिलखताचाच एक भाग मानली आहे. ती तुम्ही पुढे करत नाही, ती असतेच.

दुसऱ्या रीतीचा ठळक खेळ म्हणजे १९७८ चा ‘रूनक्वेस्ट’. त्याचे कर्ते स्टीव्ह पेरिन हे १९६६ साली बर्कलीत सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’च्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. या संस्थेत लोक चिलखत घालून प्रत्यक्ष एकमेकांशी लढतात. हातात ढाल धरून खरोखर वार झेललेला माणूस नियम लिहायला बसला, की अडवणं हे वेगळं कौशल्य होणार हे ओघानेच आलं. रूनक्वेस्टमध्ये वार करणाऱ्याची टक्केवारी वेगळी आणि अडवणाऱ्याची वेगळी. दोघेही फासे टाकतात. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत फरी-गदका पाहिला असेल, तर हे लगेच पटेल. फरी अंगाला बांधलेली नसते. गदका जिथे येतो, तिथे तिला वेळेवर न्यावं लागतं.

‘गर्प्स’ने हीच कल्पना पुढे नेली. त्याच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत बचावाचे तीन प्रकार आहेत: डॉज म्हणजे चुकवणं, पॅरी म्हणजे शस्त्राने अडवणं आणि ब्लॉक म्हणजे ढालीने अडवणं. पॅरी आणि ब्लॉक काढायचे ते कौशल्याच्या निम्म्यात ३ मिळवून, अपूर्णांक सोडून. ढालीचं कौशल्य १४ असेल तर ब्लॉक १०. तीन फासे टाकून १० किंवा कमी आले की वार अडला.

आता इथला खरा गुंता पाहा. मध्यम ढालीचा डिफेन्स बोनस २ आहे आणि तो ब्लॉकपुरता मर्यादित नाही. डॉज आणि पॅरीलाही मिळतो. म्हणजे एकच ढाल आपणहून आड येते आणि तुम्ही तिला मुद्दाम पुढेही करता. या बोनसने वरचा ब्लॉक १० वरून १२ होतो. ‘दोनच तर’ असं वाटेल, पण तीन फाशांवर १० किंवा कमी येण्याची शक्यता ५० टक्के आणि १२ किंवा कमी येण्याची ७४ टक्के आहे. डॉज ८ असणाऱ्याची २६ टक्क्यांवरून ५० वर जाते. डी२०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या खेळात +२ म्हणजे ठरीव १० टक्के. तीन फाशांच्या खेळात तोच आकडा मधल्या पट्ट्यात दुपटीहून अधिक वजनाचा ठरतो. एका खेळातल्या ‘+२’चा अंदाज दुसऱ्या खेळात घेऊन जाऊ नका, असं मी नव्यांना हटकून सांगतो.

तिसरी रीत, डॅमेज अंगावर घेणारी ढाल, पायरी ५ मध्ये उदाहरणासह घेऊ.

पायरी ३: वाराचे टप्पे कागदावर मांडा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून कागद-पेन्सिल घेऊनच बसा. एका वाराचे टप्पे असे:

वार जाहीर झाला. फासा पडला. बेरीज एसीशी ताडून वार लागला की हुकला ते ठरलं. डॅमेजचा फासा पडला. हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, कमी झाले.

ही पाच वाक्यं एका रेषेवर लिहा. आता नियम वाचताना तो ‘कधी’ वापरता येतो ते वाक्य शोधा आणि त्या जागी रेषेवर खूण करा. क्रियापद नीट बघा. ‘वार करतो तेव्हा’, ‘वार लागतो तेव्हा’ आणि ‘डॅमेज होतं तेव्हा’ हे तीन वेगळे क्षण आहेत.

२०१४ च्या नियमांतली उदाहरणं घेऊ. ‘प्रोटेक्शन’ शैली म्हणते, की तुम्हाला दिसणारा शत्रू तुमच्यापासून ५ फुटांच्या आतल्या दुसऱ्या कुणावर वार करतो, तेव्हा रिॲक्शन (पाळीबाहेर करता येणारी झटपट कृती) वापरून तुम्ही त्याच्या रोलला डिसॲडव्हांटेज लावू शकता. हातात ढाल हवी. खूण ‘जाहीर झाला’ आणि ‘फासा पडला’ यांच्या मध्ये. म्हणजे मित्राला वार लागलेला पाहून मग ‘थांबा, मी ढाल घालतो’ असं म्हणता येत नाही. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, वार जाहीर करून क्षणभर थांबायला हवं. डीएम घाईघाईने ‘ऑर्कचा वार, १९, लागला’ असं एका दमात म्हणाला, तर या शैलीच्या खेळाडूला ती वापरायची संधीच मिळत नाही. प्रोटेक्शन निरुपयोगी आहे अशी तक्रार मी बरेचदा ऐकतो. अनेकदा दोष त्या न थांबण्याचा असतो.

‘शील्ड’ मंत्राची खूण पुढे, ‘वार लागला’ या टप्प्यावर. तुम्हाला वार लागला की रिॲक्शन म्हणून मंत्र टाकायचा आणि एसी ५ ने वाढतो. पुस्तकात स्पष्ट आहे, की ज्या वारामुळे मंत्र टाकला त्यालाही हा बोनस लागू होतो आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत तो टिकतो. म्हणून लागलेला वार मागे जाऊन हुकतो. त्यात कुणाची फसवणूक नाही. नियमाची खूणच त्या जागी आहे.

आणि आता पॅरी. २०१४ च्या एकाच खेळात पॅरी या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी आहेत. या ठिकाणी भलेभले चुकतात, म्हणून सावकाश जाऊ.

नाइट, बँडिट कॅप्टन, ग्लॅडिएटर अशा विरोधकांची पॅरी ‘लागणार असलेल्या’ एका जवळच्या वाराविरुद्ध एसी वाढवते: नाइटला २, ग्लॅडिएटरला ३. अटी दोन: हल्लेखोर दिसला पाहिजे आणि हातात जवळून लढायचं शस्त्र हवं. नाइटचा एसी १८. तुमची बेरीज १८ किंवा १९ आली, तर पॅरीनंतर एसी २० होऊन वार हुकतो. २० किंवा जास्त आली तर पॅरी करूनही वार लागतोच, कारण बरोबरीला वार लागतो. म्हणजे ही पॅरी ठरावीक दोन बेरजांपुरतीच कामाची. फाशावर नैसर्गिक २० आला तर एसी कितीही असो, वार लागणारच. त्यावर पॅरी खर्चणं वाया. डीएमने हे ध्यानात ठेवावं. नाइटसारख्या कसलेल्या लढवय्याने असा वार अडवायचा प्रयत्न करून रिॲक्शन घालवणं खेळाडूंना खटकतं.

बॅटल मास्टर फायटरची पॅरी याच्या कितीतरी पुढे, ‘डॅमेज झालं’ या टप्प्यावर. जवळच्या वाराने डॅमेज झालं, की रिॲक्शन आणि एक सुपीरिऑरिटी डाय (त्याला मोजकेच मिळणारे खास फासे) खर्चून फाशावर आलेले आकडे अधिक चपळाईचा मॉडिफायर इतकं डॅमेज कमी करायचं. समजा ११ डॅमेज झालं, डी८ वर ५ आले, चपळाई +२. मग ७ वजा होऊन ४ उरले. वार हुकला नाही, लागलाच. त्यामुळे ‘वार लागला तर विष भिनतं’ असा काही परिणाम असेल, तर तो टळत नाही. उलट बाजूने, हीच पॅरी क्रिटिकल (नैसर्गिक २० च्या) वारावरही चालते, जिथे नाइटची पॅरी हात टेकते.

दोन्हींना पॅरी म्हणतात, दोन्ही रिॲक्शन आहेत, दोन्ही जवळच्या वारावरच चालतात. तरी एक वार टाळते आणि दुसरी जखम हलकी करते. नाव बघून नियम समजला असं धरलं, तर खेळाडू नाइटसारखी पॅरी मागतो आणि डीएम बॅटल मास्टरसारखी देतो.

इथे एक व्यवहाराचा प्रश्न उरतो. ‘लागणार असलेला वार’ म्हणताना बेरीज किती आली, ते बचाव करणाऱ्याला कळावं का? माझं मत ठाम आहे: डीएमने बेरीज उघड सांगावी. एसीचा बोनस देणारी रिॲक्शन आंधळेपणाने वापरायला लावली, तर ती निम्म्या वेळी वाया जाते आणि खेळाडू हळूहळू ती वापरणंच सोडून देतो. ज्या टेबलावर बेरीज झाकून खेळायची आवड आहे, त्यांनी तसं जरूर खेळावं. फक्त मग विरोधकांच्या पॅरीलाही तोच न्याय लावावा.

पायरी ४: किंमत काय आणि किती वेळा

बचाव फुकट मिळतोय असं वाटलं की एकदा थांबून बघा. किंमत बहुधा दुसऱ्या परिच्छेदात असते. पाचव्या आवृत्तीत रिॲक्शन एकदा वापरली, की तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत दुसरी नाही. पॅरी केलीत तर पळणाऱ्या शत्रूवर ऑपॉर्च्युनिटी अटॅक नाही. तिघांनी घेरलेल्या नाइटने पहिला वार अडवला, की उरलेले दोघे निर्धास्त. हे ओळखून खेळणारा गट नाइटला सहज नमवतो: आधी ज्याचा वार हलका तो पुढे जातो.

गर्प्समध्ये हिशेब वेगळा. तिथे पॅरी अनेकदा करता येते. पण त्याच शस्त्राने त्याच टर्नमध्ये पहिल्यानंतरच्या प्रत्येक पॅरीला ४ वजा होतात आणि ते साचत जातात. तलवारीचं कौशल्य १६ म्हणजे पॅरी ११, पहिल्या वाराला ६२.५ टक्के. दुसऱ्याला पॅरी ७, म्हणजे जेमतेम १६ टक्के. रेपिअरसारखं फेन्सिंगचं शस्त्र असेल, तर दर वेळी २ च वजा होतात. दुसरी पॅरी ९, म्हणजे ३७.५ टक्के. हलकं शस्त्र घेणाऱ्याला हा मोबदला मिळतो. ढालीने ब्लॉक मात्र टर्नमध्ये एकदाच. आणि कुऱ्हाडीसारख्या, पुस्तकात ‘यू’ असं अक्षर लावलेल्या शस्त्राने त्या टर्नमध्ये वार केला असेल, तर त्याने पॅरी करता येत नाही. शस्त्रांच्या तक्त्यातलं हे एकच अक्षर नवे खेळाडू हमखास नजरेआड करतात.

रूनक्वेस्टच्या २०१८ च्या आवृत्तीतही असाच चढता भार आहे. प्रत्येक पुढच्या पॅरीला आणखी २० टक्के वजा.

पायरी ५: ढाल आपणहून वर जाते, की वर करावी लागते

‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती २०१९ ची. डंजन्स अँड ड्रॅगन्सहून इकडे येणारे लोक पहिल्याच लढाईत इथे ठेचकाळतात. त्यात ढाल नुसती हातात असून एसी वाढत नाही. तुमच्या टर्नमधल्या तीन ॲक्शनपैकी एक खर्चून ‘रेज अ शील्ड’ करावं लागतं, मग पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत पोलादी ढाल +२ देते.

एका ॲक्शनच्या बदल्यात दोनच? हिशेब करून बघा. तुमचा एसी १८, शत्रूचा बोनस +९. त्याला फाशावर ९ किंवा जास्त हवे. वीसपैकी १२ आकडे लागतात. या खेळात एसीपेक्षा १० ने जास्त बेरीज झाली की क्रिटिकल, म्हणून १९ आणि २० हे दोन आकडे दुप्पट डॅमेजचे. ढाल वर केली, एसी २०. आता लागणारे आकडे १० आणि क्रिटिकलचा फक्त नैसर्गिक २० हा एकच. क्रिटिकलची शक्यता निम्म्यावर आली. तिसरा वार करण्याऐवजी ढाल वर करा, असं अनुभवी खेळाडू का सांगतात, ते इथे कळतं: त्याच टर्नमधल्या तिसऱ्या वाराला बहुतेक शस्त्रांनी १० वजा होतात आणि तो क्वचितच लागतो.

ढाल वर असताना आणखी एक दार उघडतं: ‘शील्ड ब्लॉक’. ही रिॲक्शन आहे, पण सगळ्यांना आपोआप मिळत नाही. फायटर, चॅम्पियन अशा काहींना सुरुवातीपासून असते, इतर बहुतेकांना फीट घ्यावी लागते. शारीरिक वाराचं डॅमेज होणार त्या क्षणी ढाल तिच्या हार्डनेसइतकं डॅमेज पूर्ण गिळते. उरलेलं तुम्हालाही होतं आणि ढालीलाही. ‘उरलेलं दोघांत वाटून घ्यायचं’ असा सर्रास गैरसमज आहे. वाटणी नाही, दोघांनाही पूर्ण.

साध्या पोलादी ढालीचा हार्डनेस ५, हिट पॉइंट २०, आणि १० वर आली की ती मोडलेली. शत्रूचं डॅमेज १३. ढालीने ५ गिळले, ८ तुम्हाला, ८ ढालीला. ढाल १२ वर. पुढच्या राउंडमध्ये पुन्हा १३. पुन्हा ५ वाचले, ढाल ४ वर येऊन मोडली. मोडलेली ढाल ना एसी देते, ना ब्लॉक करू देते. लाकडी ढालीचा हार्डनेस ३ आणि हिट पॉइंट १२. तिला असा एकच वार पुरे. म्हणून मोठ्या वाराला ढाल पुढे करायची घाई करू नका. ज्या वाराचं बरंचसं डॅमेज हार्डनेसमध्येच संपतं, तिथे ब्लॉक सर्वात स्वस्त पडतो. जीव जात असेल तर मात्र खुशाल ढाल मोडू द्या. लढाई संपल्यावर क्राफ्टिंग येणारा सोबती दहा मिनिटं बसून ती दुरुस्त करू शकतो. पूर्ण नष्ट झालेली ढाल तेवढी परत येत नाही.

जुन्या धाटणीच्या खेळांत एक घरगुती नियम फार लोकप्रिय आहे: लागलेल्या एका वाराचं सगळं डॅमेज टाळायचं असेल तर ढालीचा बळी द्या, तिचे तुकडे झाले. मला तो आवडतो, कारण ५ टक्क्यांच्या ढालीला त्यामुळे एक मोलाचा क्षण मिळतो. पण स्वीकारण्याआधी एक ठरवा: सोबत चार सुट्या ढाली पाठीवर घेऊन फिरता येईल का? हे न ठरवता नियम आणला, तर दुसऱ्याच सत्रात कुणीतरी खेचरावर डझनभर ढाली लादून येतो.

पायरी ६: बोनसची बेरीज करण्याआधी जात बघा

पाथफाइंडरमध्ये ‘पॅरी’ हा गुणधर्म असलेली शस्त्रं आहेत. त्यांत एक ॲक्शन खर्चून एसीला +१ मिळतो. मग डाव्या हातात ढाल आणि उजव्या हातात असं शस्त्र घेतलं तर +३? नाही. दोन्ही सर्कमस्टन्स जातीचे बोनस आहेत आणि एका जातीचा सर्वात मोठा तेवढाच धरायचा. +२ वरच थांबता.

पाचव्या आवृत्तीत बोनसना जाती नाहीत, म्हणून ढालीचे +२ आणि ‘शील्ड’ मंत्राचे +५ एकत्र येतात. दोन ढाली घेऊन मात्र +४ होत नाहीत. फायदा एकाच ढालीचा. आणि मंत्राबाबत एक अडथळा नेहमी विसरला जातो. शील्ड मंत्राला हाताची खूण लागते. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल असेल, तर मोकळा हात नाही आणि मंत्र टाकता येत नाही; ‘वॉर कास्टर’ फीट असेल तर येतो. ढाल बांधायला किंवा सोडायला २०१४ च्या नियमांत पूर्ण ॲक्शन लागते, त्यामुळे ऐनवेळी ढाल टाकून हात मोकळा करण्याची पळवाटही बंद आहे.

पायरी ७: कशापासून आणि कुठल्या बाजूने

इथे फार रेंगाळायला नको, फक्त तीन गोष्टी तपासा. वार जवळचा की लांबचा: पाचव्या आवृत्तीत ढालीचा एसी बाणालाही लागू होतो, पण पॅरी नाही, गर्प्समध्ये ब्लॉक बाण अडवू शकतो, तलवारीची पॅरी नाही. हल्लेखोर दिसतोय का: अदृश्य मारेकऱ्यापुढे नाइटची पॅरी चालत नाही. आणि बाजू: गर्प्समध्ये ढालीचा बोनस समोरून आणि ढालीच्या बाजूने येणाऱ्या वारांनाच मिळतो, तर डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि पाथफाइंडरच्या मूळ नियमांत पात्राचं तोंड कुठे आहे याचा हिशेबच नाही. मिनिएचरची (पात्राच्या छोट्या मूर्तीची) मान वळलेली दिसली म्हणून ढाल काढून घेऊ नका.

पायरी ८: नियम तरीही अस्पष्ट वाटला तर

आधी विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे तत्त्व लावा. दोन्ही मोठ्या खेळांनी ते पुस्तकातच दिलं आहे. मग इरेटा (पुस्तकातल्या चुकांच्या दुरुस्त्या) आणि प्रकाशकाचे अधिकृत खुलासे बघा. तेवढ्यानेही सुटलं नाही तर डीएमने दोन मिनिटांत निर्णय द्यावा, तो वहीत लिहावा आणि सत्र संपल्यावर चर्चा करावी. लिहिणं महत्त्वाचं आहे. ढालीचा निर्णय तोंडी राहिला, की तीन आठवड्यांनी प्रत्येकाला तो आपल्या सोयीचा आठवतो.

सराव: एक अनोळखी नियम स्वतः सोडवा

‘मॉर्डहाइम’ हा गेम्स वर्कशॉपचा १९९९ चा छोट्या टोळ्यांच्या लढाईचा खेळ. त्यातली तलवारीची पॅरी अशी: वार लागला की बचाव करणारा एक डी६ टाकतो, प्रतिस्पर्ध्याच्या वाराच्या सर्वात मोठ्या फाशापेक्षा जास्त आकडा आला, तर तो वार बाद. स्वतःच्या दुप्पट किंवा अधिक स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) वाराची पॅरी करता येत नाही. तलवारीसोबत बकलर ही छोटी ढाल असेल, तर फसलेला पॅरीचा फासा पुन्हा टाकता येतो.

आता रेषेवर खूण करा. ‘वार लागला’ या टप्प्यानंतर, जखमेच्या फाशाआधी. बेरीज झाकता येते का? नाही, तुलना थेट फाशाशी आहे, तो टेबलावर दिसलाच पाहिजे. सहाची पॅरी होते का? सहापेक्षा मोठा आकडा नाही, म्हणून कधीच नाही. आणि दोन वारांत ४ आणि ६ आले, तर तुलना ६ शी, म्हणजे बकलर असूनही हात बांधलेले.

यानंतर शक्यता काढा. एकाच वाराची गोष्ट धरू. हल्लेखोराला ४ किंवा जास्त हवे असतील, तर लागलेला वार ४, ५ किंवा ६ चा असणार. पॅरीची संधी अनुक्रमे सहात दोन, सहात एक आणि शून्य, सरासरी सहात एक. हल्लेखोर कसलेला असून त्याला ३ पुरत असतील, तर सरासरी चारात एक. म्हणजे निष्णात माणसाचे वार जास्त अडतात! नियम चुकला असं वाटण्याआधी पुढचा हिशेब करा: न अडता लागणारे वार कसलेल्याचे वीसपैकी दहा पडतात, दुसऱ्याचे सव्वाआठच्या थोडे वर. नवख्याचे कमी लागतात. पण जे लागतात, ते मोठ्या फाशांवरचे असल्याने अडवायला कठीण. त्यामुळे मॉर्डहाइममध्ये तलवार-बकलरवाल्याला समोरच्या सर्वात तरबेज, पण एकच वार करणाऱ्या योद्ध्यासमोर उभं करा. अनेक वार करणाऱ्यासमोर भालेकऱ्याला पाठवा, कारण भाला पहिल्या झडपेत आधी वार करू देतो आणि तिथे पॅरीच्या फाशावर विसंबावं लागत नाही.